टिळा सोडून

"घ्या, घ्या, तोंड गोड करा," भाऊजी बाहेर सोप्यात सांगत होते. "रिपोर्ट आला. साधं आहे म्हणाले डॉक्टर. देवीच्या घरात वाईट यायला वाट कुठली?"

मी आत देवीपुढं बसून गंध उगाळत होते. माझी पूजा व्हायची होती, म्हणजे तोंड बंद होतं. पहाटे उठल्यापासून देवीला मळवट भरून ओवाळेपर्यंत मी बोलत नाही. या घरात लग्न होऊन आले तेव्हापासूनचा हा माझा नेम, आजही आहे. त्यामुळं बाहेरचं सगळं ऐकायची मला सवय आहे, आणि ऐकून गिळायचीसुद्धा.

शुक्रवार होता. सोप्यात पाटावर अक्का बसल्या होत्या, माझ्या थोरल्या जाऊबाई, भाऊजींची बायको. त्यांच्या दोन भुवयांच्या मधोमध जन्मापासून एक काळाभोर ठसा होता, कुणी बोटानं लावावा तसा. सासरे त्यांना बघायला गेले तेव्हा पत्रिका मागितलीच नाही म्हणे. "देवीनं टिळा लावूनच पाठवलीय, आम्ही कोण नाही म्हणणार?" एवढं बोलून नारळ देऊन आले. तेव्हापासून गावातल्या बायका शुक्रवारी आधी आत येऊन देवीच्या पाया पडायच्या, मग बाहेर जाऊन अक्कांच्या टिळ्याला कुंकवाचं बोट टेकवायच्या आणि तेच बोट आपल्या कपाळाला लावायच्या. टिळा म्हणजे टिळा. आमच्या घरात त्याला दुसरा शब्दच नव्हता.

त्या वर्षी टिळ्याच्या खाली, नाकाच्या अंगाला, एक जखम झाली होती. तिची कड मेणासारखी चमकायची. खपली धरायची, पडायची, पुन्हा ओली व्हायची. गुढीपाडव्यापासून श्रावणापर्यंत हळद झाली, तूप झालं, मग भाऊजी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. तिथं जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याचे हे पेढे.

मी मळवट भरून बाहेर आले तेव्हा एक तरणी बाई आपलं तान्हं पोर दोन्ही हातांवर धरून अक्कांसमोर वाकली होती. पोराचं कपाळ तिनं अक्कांच्या कपाळाला टेकवलं. अक्कांनी पाटाची कड मुठीत धरली. पोर बाजूला झालं, तर त्याच्या कपाळावर ओला लाल ठिपका. कुंकू नव्हतं ते.

"देवीनं आपल्या हातानं लावलं," कुणीतरी म्हणालं.

भाऊजींनी पुढं होऊन कापसानं अक्कांचं कपाळ टिपलं. तो कापूस त्यांनी टाकला नाही. देव्हाऱ्यातला चांदीचा करंडा आणला, कापूस त्यात ठेवला आणि झाकण लावलं. शब्द माझ्या जिभेवर आले होते, पण बायका भाऊजींच्या पाया पडत होत्या. मी गंधाचं ताट उचललं आणि आत गेले. ताट ठेवताना एवढं आपटलं की मोलकरीण दचकली.

दुपारी मी अक्कांची वेणी घालायला बसले. परसात कढीलिंबाच्या सावलीत आम्ही बसायचो, तेवढा वेळ अक्का पाटावरच्या नसायच्या.

"पेढा खाल्लास का?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"बरा होता. मला एकच दिला. बाकीचे माझ्या नावावर सगळ्या गावानं खाल्ले."

मी फणी डाव्या कानाकडं नेली आणि हात थांबला. कानाच्या पुढं, जबड्याच्या वर, कातडीखाली एक गाठ लागली. वाटाण्याएवढी, टणक. बोटाखाली सरकली नाही.

"दुखते का इथं?"

"नाही गं. आहे बरेच दिवस. दाढेची असेल."

"डॉक्टरांना दाखवली?"

"डॉक्टर माझ्याशी कुठं बोलले? ते ह्यांच्याशी बोलत होते. मी टेबलावर पडून छत बघत होते. पाल होती छताला."

मी त्यांच्या समोर जाऊन बसले आणि पदर ओला करून त्यांचं कपाळ पुसलं. शुक्रवारचं कुंकू निघता निघेना. इतकी वर्षं त्या कपाळाकडं बघत होते, पण कुंकवाशिवाय ते मी किती वेळा पाहिलं होतं? टिळा गोल राहिला नव्हता. डाव्या बाजूला तो ओल्या कापडावर शाई उतरावी तसा उतरला होता. कुठं काळा, कुठं निळसर, मध्ये एक उंचवटा आणि तिथूनच रक्त पाझरत होतं. जखम खाली होती. दोन्हींच्या कडा आता एकमेकींना भिडल्या होत्या.

"तुकडा कुठून काढला?"

अक्कांनी नाकाच्या वर बोट ठेवलं. "इथून. खालून. टिळ्याला हात लावायचा नाही म्हणून आधीच ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

अक्का हसल्या. "मला काय विचारतेस वैजू? माझ्या कपाळावरचं काहीतरी मला विचारून झालंय का कधी?"

संध्याकाळी भाऊजी सोप्यात तक्क्याला टेकून बसले होते. माझे यजमान शेजारी होते. मी थोरल्या दिरांसमोर फारशी बोलायची नाही, आणि बोलले तरी माझा आवाज असा की पलीकडच्या माणसाला "काय म्हणालीस?" विचारावं लागतं. त्या दिवशी विचारावं लागलं नाही.

"भाऊजी, अक्कांना मिरजेला न्यायला हवं. टिळा वाढलाय. कानापाशी गाठ आहे."

"रिपोर्ट आलाय, वैजयंती."

"तो खालच्या जखमेचा आला. टिळ्याचा नाही."

"टिळ्याचा कशाला काढायचा रिपोर्ट?" ते खरंच चकित झाले होते. "देवीचा टिळा आहे तो. उद्या देवीला नेऊन तपासून आणशील."

"अक्का देवी नाहीत. त्यांना रक्त येतंय."

"नवरात्र तोंडावर आलंय. घट बसायचेत. कपाळाला पट्टी बांधून तिला पाटावर बसवू? लोक काय म्हणतील? देवीनं टाकली म्हणतील." मग ते माझ्या यजमानांकडं वळले. "मुकुंदा, बायकोला सांग."

यजमान म्हणाले, "नवरात्रानंतर बघू ना. साधंच आहे म्हणालेत."

"साधंच" हा शब्द त्या घरात त्या दिवशी इतक्यांदा बोलला गेला होता की मला त्याची शिसारी आली. मी देव्हाऱ्यासमोर गेले, हातात पाणी घेतलं आणि त्या दोघांच्या देखत सोडलं.

"अक्कांचा टिळा डॉक्टरनं बघेपर्यंत मी देवीला कुंकू लावणार नाही."

आमच्याकडं देवीचा मळवट घरच्या सुनेनंच भरायचा असतो. अक्का स्वतः टिळ्याच्या, म्हणून त्यांनी देवीला कुंकू लावायचं नाही, अशी सासऱ्यांची आज्ञा होती. राहिले मी एकटी.

"देवीचं कपाळ मोकळं ठेवणार तू?" भाऊजींचा आवाज खाली आला.

"टिळा काढला की अक्कांचंही होणार आहे. बघायची सवय करू."

हे मी बोलले. मीच.

एवढं करूनही ते हलले नाहीत. सहा दिवस देवी बिनकुंकवाची राहिली. भाऊजींना वाटलं, मी मऊ आहे, मोडेन. पण ते एक गोष्ट विसरले होते. माझं मौन पूजा पुरी होईपर्यंतचं, आणि मळवटाशिवाय पूजा पुरी होत नाही. मी दुसऱ्या दिवसापासून बोललेच नाही. दिवसभर स्वयंपाक केला, वाढलं, उष्टी काढली, तोंडातून शब्द नाही. पहिल्या दिवशी यजमान म्हणाले, "अगं, निदान मीठ कुठं ठेवलंय ते तरी सांग." मी बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी ते भाऊजींना म्हणाले, "दादा, ही बोलत नाहीये." भाऊजी म्हणाले, "बोलत होती तेव्हा कुठं ऐकू येत होतं?" पण हसले नाहीत.

शुक्रवार उजाडला. बायका आल्या, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी थबकल्या. देवीचं पितळी कपाळ स्वच्छ घासलेलं, लखलखीत, आणि मोकळं. मी बाजूला हात जोडून बसले होते. कुजबूज सुरू झाली. कुणाचं काय झालं? सुतक आहे का? एक म्हातारी रडायलाच लागली.

"वैजयंती, ऊठ. कुंकू लाव," भाऊजी दारातून म्हणाले. मी बसून राहिले. "सगळ्या बघताहेत." बघू देत. "काहीतरी बोल तरी." माझी पूजा पुरी झाली नव्हती.

तेव्हा अक्का पाटावरून उठल्या. शुक्रवारी बायका असताना त्या पाटावरून उठलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, गाडी सांगा. तिला भूक लागली असेल." 'तिला' म्हणजे मला का देवीला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलायला भराभर. अक्का खुर्चीत, भाऊजी शेजारी, मी मागं भिंतीला टेकून उभी. अजून मौनात. सकाळी पाटावर बसायच्या आधीच दोघीतिघींनी बोटं टेकवलेली, त्यामुळं अक्कांचं सगळं कपाळ कुंकवानं माखलेलं होतं. डॉक्टरांनी तालुक्याचे कागद वाचले.

"हं. गोंदणाखालची जखम. तुकड्यात जे आलंय ते फार पसरणारं नसतं. जिथं आहे तिथंच रांगतं. ते काढून टाकू." त्यांनी अक्कांकडं बघितलं. "गोंदण कधी काढलंत आजी?"

अक्का काही बोलायच्या आत भाऊजी म्हणाले, "टिळा आहे तो. पहिल्यापासूनचा."

"हो, टिळाच. माझ्या आज्जीलाही होता असा गोंदलेला. म्हाताऱ्या बायकांचा पसरतोच थोडा." डॉक्टर कागदावर लिहू लागल्या. "काळजी करू नका, टिळा सोडून घेऊ. खालचं तेवढं काढू."

मी भाऊजींकडं बघितलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. ते मान हलवत होते. होकाराची मान.

त्या क्षणी मला कळलं. तालुक्यातही असंच झालं होतं. भाऊजी "टिळा" म्हणाले, डॉक्टर "गोंदलेला" समजला, आणि भाऊजींनी तो समज दुरुस्त केला नाही. खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नव्हती. शब्दानंच सगळं केलं. आणि तो शब्द आम्हीच त्या कपाळावर चिकटवला होता, गेली तीस वर्षं, रोज.

"तीळ," मी म्हणाले.

माझा नेम मोडला. मोडला तर मोडला.

डॉक्टर थांबल्या. "काय म्हणालात?"

"गोंदलेला नाही. तीळ आहे. जन्माचा आहे आणि आता वाढतोय. रक्त येतं. कानापाशी गाठ आहे."

भाऊजींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून आलेय. डॉक्टरांनी पेन ठेवलं, चष्मा खाली ओढला, कापूस भिजवला आणि अक्कांचं कपाळ पुसायला घेतलं. एक कापूस, दुसरा, तिसरा. मग दिवा लावून भिंगातून बघत राहिल्या. त्यांचं भराभर बोलणं बंद झालं. बोटांनी गाठ चाचपली. मग भाऊजींना विचारलं, अगदी हळू, "तुम्ही मला गोंदण का सांगितलंत?"

"मी कुठं सांगितलं? तुम्हीच म्हणालात."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "तालुक्यातही हेच ना?"

"त्यांनी विचारलं, टिळा सोडून घेऊ का. मी हो म्हणालो." ते भिंतीकडं बघत होते. "मला काय ठाऊक त्यात काय आहे? मला वाटलं, देवीचं आहे, त्याला काय होणार?"

"तुम्हाला वाटलं. कपाळ त्यांचं होतं."

ऑपरेशन झालं. कपाळाचा तळव्याएवढा भाग काढला, मांडीची कातडी तिथं लावली, कानापुढची गाठ काढली. आत नेताना नर्सनं अक्कांच्या बांगड्या उतरवल्या आणि भाऊजींच्या हातात दिल्या. ते सगळा वेळ त्या उपरण्याच्या टोकात धरून बसले होते, किणकिण होऊ नये म्हणून घट्ट. माझ्या यजमानांना त्यांची दया आली. मला नाही आली. मी कुठल्याही देवाला हे सांगायला तयार आहे.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हां सगळ्यांना बसवलं. अक्काही होत्या, डोक्याला फेटा बांधल्यासारखी पट्टी.

"एकाच जागेत दोन वेगवेगळे कर्करोग निघालेत," डॉक्टर म्हणाल्या. "क्वचित होतं असं. खाली जो होता तो रांगणारा. पहिला रिपोर्ट त्याचा होता आणि तो खोटा नव्हता. पण वर तिळात दुसराच होता. तो काळा, तो पळणारा. एकातून दुसरा झालेला नाही. शेजारीशेजारी वाढले आणि भिडले. तुकडा खालच्याचा घेतला, म्हणून सगळ्यांना वाटलं, तेवढंच आहे."

"म्हणजे आम्हां दोघी जावांसारखं," अक्का पट्टीखालून म्हणाल्या. "घर एक, माहेरं दोन. एक गरीब, एक खट."

डॉक्टरांना हसू आवरेना. मग त्यांनी गाठीचं सांगितलं. पळणारा गाठीपर्यंत पोचला होता. आधी आला असतात तर, एवढं म्हणून त्या थांबल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही. मला ते आजही पुरं ऐकू येतं.

घरी आल्यावर पहिल्या शुक्रवारी बायका आल्या, आत देवीच्या पाया पडल्या आणि सोप्यातून खाली बघत निघून गेल्या. पाट रिकामा होता. तान्ह्या पोराची आई रस्ता ओलांडून पलीकडून गेली. भाऊजींनी कुणाला तरी सांगितलं, "देवीनं आपला टिळा परत नेला," आणि तेच मग गावभर झालं. तपासणी नाही, डॉक्टर नाही, गप्प हललेली मान नाही. देवीनं नेला.

त्या दुपारी परसात अक्का म्हणाल्या, "वैजू, कुंकू आण."

मी करंडा आणला. चांदीचा नव्हे, माझा पितळी.

"लाव."

"तुम्हांला?"

"मला कुणी कधी लावलंच नाही गं. लग्नातसुद्धा भटजी म्हणाले, हिला आहेच. सगळ्या येऊन माझं घेऊन जायच्या. लावायचं कुणालाच सुचलं नाही."

मी मांडीवरून कपाळावर आलेल्या त्या परक्या, फिकट कातडीवर करंगळीनं लहानसं कुंकू लावलं, कुठल्याही बाईला लावतात तसं. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. मग परातीतल्या पाण्यात वाकून बघितलं.

"वाकडं लावलंस," त्या म्हणाल्या, आणि खूश दिसल्या.

पुढच्या नवरात्रापर्यंत रोज मी त्यांना कुंकू लावलं. त्यांचं झालं की मग देवीला. नवरात्र संपता संपता पोटात पाणी झालं, आणि दिवाळीआधी त्या गेल्या.

याला आता खूप वर्षं झाली. भाऊजी थकले आहेत. गाभाऱ्याच्या दाराशी त्यांनी अक्कांचा मोठा फोटो लावला आहे, टिळ्याचा. लग्नानंतरचा जुना फोटो शहरातून मोठा करून आणला. फोटोवाल्यानं तो ठसा रंगवून आणखी गोल, आणखी काळा केला. शुक्रवारी बायका त्या काचेला कुंकवाचं बोट टेकवतात आणि आपल्या कपाळाला लावतात. काच लाल होऊन जाते. मी देवीचं सगळं करते. मौन पाळते, मळवट भरते, ओवाळते. त्या फोटोला मी हात लावत नाही.

मागच्या शुक्रवारी एक नवी सून आली होती, कपाळावर मोठी टिकली. तिनं मला विचारलं, "काकू, हा टिळा खरंच देवीनं दिलेला होता?"

भाऊजी सोप्यात होते. ऐकत होते. माझी पूजा झालेली होती, बोलायला मोकळी होते. माझ्या नेमांमध्ये हा एक तेव्हापासून वाढला आहे. विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते, आणि भाऊजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगते. तेवढ्यासाठी मी माझा आवाज मोठा करायला शिकले.

"टिळा नव्हता, बाळ," मी म्हणाले. "तीळ होता."

ती गोंधळून माझ्याकडं बघत राहिली.

"म्हण," मी म्हणाले. "तीळ."